सात पट्ट्या

अक्कलकोट रोडला, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
दुपारी पाना उचलला तर हात भाजतो.
तिथं टेबलावरचे नटबोल्ट बाजूला सारून
नरसय्या गुंडेटी पत्र्याच्या सात पट्ट्या मांडून बसले.

गाडी त्यांची, सत्त्याऐंशीची पद्मिनी.
इंजिन उतरवून ओट्यावर ठेवलेलं,
डिझेलनं धुतलेलं, तारेच्या ब्रशनं घासलेलं.
बिडाचं खरं अंग आत्ता कुठं दिसत होतं,
भाजलेल्या वांग्याची साल निघाल्यावर दिसतं तसं.
मी म्हणालो, काका, चांदी रंगाचा डबा मारतो,
संध्याकाळी घेऊन जावा.

एकोणचाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
रंगाच्या हौदाशी उभा राहिलेला माणूस
डब्यावरचं वाचत नाही.
"डबा काय बी म्हणतंय की, इलाही.
धुवून निघाल्यावर सांगंल ते खरं."

सहा पट्ट्यांवर तीन-तीन पट्टे ओढले त्यांनी:
फाटकाला मारतात तो ऑइलपेंट,
नवी पेठेतला चांदी स्प्रे,
आणि पुण्याहून मागवलेला, ताप सोसणारा,
ज्याची किंमत मी दोनदा विचारली.
एक पेट्रोलात.
एक जळक्या ऑइलमध्ये.
एक ब्रेक ऑइलमध्ये, तिथं चांदी सुटली
चहातल्या खारीसारखी.
एक छतावर, एप्रिलच्या हवाली.
एकीवर रोज नखानं ओरखडा.
एक घरी, बायकोच्या तव्यावर.
त्यावरून काय झालं ते बोलले नाहीत,
पण दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा आला नव्हता.
आम्ही कोपऱ्यावर भजी खाल्ली.

सातवी कोरीच.
"ही कशाला?"
"मग बाकीच्या कशाशी ताडून बघायच्या, बाबू?"

अकरा दिवसांनी ऑइलपेंट पापडासारखा फुगला होता,
चांदी बोटाला येत होती,
पुण्याचा तेवढा जागेवर.
पण तो करडा. शाळेच्या बाकड्यासारखा.
काकांना लाल हवा होता,
त्यांच्या हातच्या टॉवेलांच्या काठाचा लाल.
तो त्या कंपनीत मिळत नव्हता.

बराच वेळ पट्टी उन्हात धरून बसले.
मग म्हणाले, एकदा बाराशे टॉवेल परत आले होते,
परदेशातून, पेट्या न फोडता नव्हे, फोडून, वापरून, धुवून.
लालनं शेजारच्या पांढऱ्याला धरलं होतं.
मालक काही बोलला नाही.
"बोलला असता तर बरं झालं असतं."
आणि करड्याच्या डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं.

गॅस्केटच्या कडांना चिकटपट्टी लावली.
पातळ हात, वाट बघ, पुन्हा पातळ हात.
एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला ब्रश लावू दिला नाही:
"तेला सोड. रोज एवढं तापणाऱ्याला
हे रंग पुरं पडत नाही."
मग इंजिन बसवून दहा मिनिटं चालू, थंड.
वीस मिनिटं, थंड.
रंग भट्टीत नव्हे, त्याच्याच पोटातल्या आगीवर पिकत होता
आणि शेडभर वास, नव्या छत्रीचा.

बॉनेट खाली आलं. धप्.
मी म्हणालो, आता हे बघणार कोण?
खांद्यावरची जुनी चादर त्यांनी उलटून दाखवली:
तोच मोर, तीच वेल,
फक्त लालच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी लाल.
"हेची उलटी बाजू कुठली, सांग."
मला सांगता आली नाही.

सहा पट्ट्या ते घेऊन गेले.
सातवी माझ्याकडं राहिली, खिळ्याला.
जुलैत तिला कडेनं गंज धरला,
दिवाळीपर्यंत मध्यापर्यंत पोचला.
गिऱ्हाइकं विचारतात, हे काय लावलंय?

मी सांगतो, हिला काही लावलं नव्हतं.