खाच

सुपेगावच्या फाटकाशी वनरक्षकाने आमच्या बाटल्या मोजल्या.
पाच. वहीत लिहिल्या, अनामत घेतली,
मग आईच्या पिशवीपाशी त्याचं नाक थबकलं.
"भाकऱ्या हात रं," आई म्हणाली, "आनि जरासं सोडं."
तो हसला. नाव विचारलं.
जोमा पोशा मकू, राहणार एकदरा.
धंद्याचा रकाना नव्हताच वहीत,
तरी बापूस म्हणाला, "होरी व्हती."

पंचेचाळीस वर्षं त्याने हा डोंगर पाहिला,
पण मागे वळून, पाण्यातून, हातात सुकाणू धरून.
फणसाडच्या माथ्यावरची खाच
कासा किल्ल्याच्या बुरुजावर आली की
जाळं सोडायचं. खाली वाळू आहे, खडक नाही.
खाच बुरुजाच्या डावीकडे सरकली
तर जाळं फाटणार, समजायचं.
एवढीच ओळख. डोंगराला ती माहीतही नसणार.

आत शिरलो तर डोंगर गायब.
नुसती झाडं. अंजनी, ऐन,
गारंबीचे वेल, हातभर लांब शेंगा लोंबताहेत,
आणि पायाखाली माघातला पाला, चालेल त्याची चुगली करणारा.
"यो तो डोंगार नाय," बापूस म्हणाला.
हरेशने फोनवर नकाशा काढून दाखवला.
बापसाने निळा ठिपका पाहिला, आम्हाला पाहिलं,
"ठिपका बराबर आसल. डोंगार तो नाय."

स्वरांगीला शेकरू दिसलं.
ती कुजबुजत ओरडली, "आजोबा, वर, वर!"
तो वर बघत होता, पण खोड मोजत होता,
कवेत घेऊन, गाल सालीला लावून.
"डोलकाठी व्हईल एकटाकी."
"नाखवा, हात नका लावू," रक्षक म्हणाला, अर्धं थट्टेत.
शेकरू तोवर तीन झाडं पलीकडे.

चढ लागला.
उधाणात फळीवर उभे राहणारे पाय
मुरमावर मात्र घसरले, दोनदा.
मी हात पुढे केला, त्याने तो पाहिलाच नाही असं केलं.
आई मागून म्हणाली, "चाल, चाल, भरती नाय लागली."
किती वर्षांनी दोघं एकत्र कुठे निघाली होती.
एरवी ती किनाऱ्यावर, तो डोंगराकडे पाठ करून आत.

वर एका जागी वाट दोन कातळांमधून जाते.
रुंदी असेल बैलगाडीएवढी.
वारा तिथे कोंडून येतो, कपडे अंगाला चिकटवतो.
बापूस थांबला. वहाणा काढल्या.
"ह्या जागेला काय म्हनतान?"
"हिला? नाव नाही काही," रक्षक म्हणाला.
बापूस काही बोलला नाही.
पश्चिमेला धुरकट, समुद्र म्हणावा तर समुद्र,
त्यात बुरूज म्हणावा तर बुरूज, चण्याएवढा.
त्याने एक डोळा मिटला.
मग दोन पावलं उजवीकडे सरकला. मग अर्धं पाऊल परत.

हरेश म्हणाला, आता सगळ्यांकडे मशीन आहे, कोण बघतंय डोंगराकडे.
खरंच आहे ते. होरीसुद्धा दोन वर्षांपूर्वी दिली.
पण मला वाटत राहिलं, आत्ता खाली कुणी म्हातारा
मान वळवून खूण शोधत असेल
आणि त्याला खाच जराशी बुजलेली दिसत असेल,
माझ्या बापाएवढी.

सोडे भाकरी तिथेच खाल्ली. स्वरांगीने काटे नाहीत ना विचारलं.

परत फाटकावर बाटल्या चार निघाल्या.
रक्षकाने सगळ्या पिशव्या उपसल्या,
आई त्याच्याशी दहा रुपयांवरून भांडली,
बापूस दूर उभा, वहाणांतला पाला झाडत.

दुसऱ्या दिवशी बंदरावर जाळी शिवणाऱ्यांनी विचारलं,
"काय हाय रं त्या खाचंन?"
दोरा दातांनी तोडून म्हणाला,
"वारा. आनि एक बाटली."