शेपटाची क्रियापदं

संध्याकाळी सात ते साडेआठ,
दूध संकलन केंद्रात.
दूध बंद होऊन सहा वर्षं झाली,
फॅट मोजायचं यंत्र तेवढं उरलं कोपऱ्यात,
त्याच्यावर माझा डस्टर.
मी तासिकेवरचा मास्तर. दिवसा आठवी-ब,
रात्री पोलीस भरती, तलाठी, रेल्वे,
जे काय निघेल ते.

आज फ्रेझल व्हर्ब.
फळ्यावर एकच शब्द लिहिला: पुट.
म्हणजे ठेवणे. सगळ्यांनी वहीत ठेवलं.
मग एकेक शेपूट लावत गेलो.
पुट ऑन, अंगात घाल.
पुट आउट, विझव.
पुट ऑफ, उद्यावर ढकल.
पुट डाउन, खाली ठेव,
नाहीतर चारचौघांत पाणउतारा कर,
नाहीतर दुखण्यानं पिचलेलं कुत्रं
डॉक्टरकडून कायमचं निजव.

सुदाम कुमरे पंक्चरच्या दुकानातून थेट आलेला,
नखांत सोल्युशन.
"एवढ्याशा शब्दानं कुत्रं मरते, सर?"
मरते बाबा.

गुणवंत डाखोरेनं वाक्य केलं:
माय फादर पुट्स ऑफ द लाइट.
बाप दिवा पुढे ढकलतो.
चूक म्हणून खोडायला गेलो, अन् हात थांबला.
त्यांचं मीटर काढून नेलं त्याला महिना झाला,
उद्या जोडू, उद्या जोडू चाललंय.
मी बरोबरची खूण केली, बारीक.

रन आउट ऑफ, संपणे.
प्रणालीनं लिहिलं:
आय रन आउट ऑफ होम ॲट फाइव्ह.
पाचला घरातून पळत निघते,
आठशे मीटरचा सराव, कॅनॉलच्या रस्त्यानं.
म्हटलं, याचा अर्थ घर संपलं असाही होतो.
बाकीचे हसले.
ती नाही.

पुट अप विथ.
याला दोन शेपटं. इथं अडलो.
पुस्तकात होतं, सहन करणे.
पण सहन करणे कुणी बोलतं का,
किराणा दुकानात, नळावर?
दाराशी प्रणालीची माय अनुसया,
दुधाच्या उलट्या कॅनवर बॅटरी घेऊन बसलेली.
रोज येते लेकीला न्यायला, आठ वीसला.
"कायचा अर्थ पायजे, गुरुजी?"
म्हटलं, असं पाहा,
पंखा खडखड करतो, बदलणं होत नाही,
आपण झोपतोच त्याच्याखाली.
"चालवून घेनं," ती म्हणाली.
बॅटरी लावून पाहिली, विझवली.
"त्यात काय एवढं?"

चालव. घे.
त्यात कुणी काही चालवत नाही,
हाती तर काहीच घेत नाही.
मी खडू धरून उभा.
जेवून घे. जेवून टाक. जेवून पाय.
घे म्हटलं की माया,
टाक म्हटलं की भांडी घासायची खोळंबलीत.
बाप गेला त्या दिवशी
आई मला म्हणाली होती, रडून घे,
जसं काही ते वाढून ठेवलेलं होतं
आणि निवत होतं.
चौदा वर्षं इंग्रजीला नावं ठेवली मी.
नावं ठेवली.
हेही बघा.

"सर, गिव्ह अप राह्यलं," सुदाम म्हणाला.
ते उद्या.
"म्हणजे पुट ऑफ केलं तुम्ही."
या पोराला मार्क द्यायला पाहिजेत कुणीतरी.

कुलूप लावलं. वाट एकच, रपट्यापर्यंत.
प्रणाली पुढे, अनुसया बॅटरीसंगं,
मी सायकल हातात धरून मागं.
"गुरुजी, लागलीले काय म्हनते इंग्रजीत?"
कोणती लागली? ठेच, तहान, आग?
"नोकरी. पोरगी लागली, असं."
गेट इन चालेल, म्हटलं.
"इन म्हंजे?"
आत.
"आत," ती म्हणाली,
आणि उजेड लेकीच्या टाचांवर धरला,
बुटाच्या फाटक्या शिवणीवर,
रपटा येईस्तोवर.