डावखुरी

सकाळी सहाला दुकान उघडते.
जिवंत आमिषाच्या टाकीतला पंप कुरकुरतो,
कॉफी कालचीच.
अलाबामात, धरणाकडे वळणाऱ्या या रस्त्यावर
एकवीस वर्षं मी गिऱ्हाइकांचे हात बघत आलेय,
चेहरे मागाहून.

काठी आणि रीळ यांची सोयरीक जुळवताना
आधी पाण्याची चौकशी करावी:
तळाशी काय आहे, शेवाळ, बुडालेली झाडं, की नुसता खडक?
शेवाळावरून रबरी बेडूक ओढायचा
तर सात फूट चार इंच, हेवी,
आणि वेणीची दोरी, पासष्ट पौंडी,
कारण तिथे एकटा मासा येत नाही,
त्याच्याबरोबर अर्धं तळं येतं.
क्रँकबेटला काचतंतूची मऊ काठी, सावकाश रीळ;
ताठ काठी घाई करते
आणि बासच्या तोंडचा घास
बासच्या आधीच निघून जातो.

हे मी कुणालाही सांगते. फुकट.

हॉइट लेडबेटरला कधी सांगावं लागलं नाही.
तो रीळ कानाशी धरून फिरवायचा
आणि म्हणायचा, "आत वाळू आहे."
असायचीच.
बेटकास्टर म्हणजे सगळा अंगठ्याचा कारभार:
फिरत्या रिळावर किती टेकायचं, कधी उचलायचं.
क्षणभर चुकलं की दोरीचा असा गुंता
की सबंध दुपार त्यातच जावी.
हॉइटच्या उजव्या अंगठ्याची कातडी
नाण्यासारखी गुळगुळीत झाली होती.

मे महिन्यात आला.
बाहेर सुनेची गाडी, इंजिन चालूच.
उजवा हात खिशात.
घातलेला नव्हता,
ठेवून दिलेला होता.

भिंतीवरून त्याने डाव्या हाताने
सात फुटी मीडियम-हेवी काढली,
तीच, जी तो डोळे मिटून काढायचा.
जराशी हलवली. टोक थरथरलं,
की हात, मी बघितलं नाही.
परत खुंटीला लावायला
तीनदा प्रयत्न करावा लागला.

मग छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला,
"नातीसाठी हवंय काहीतरी."

हॉइटला नात नाही.
दोन नातू आहेत, दोघेही अटलांटात,
मासा त्यांना फक्त तळलेला ठाऊक.

"किती वर्षांची?"
"नऊ."
"डावखुरी आहे का?"
तो थांबला.
"एप्रिलपासून."

मी हसले नाही. तोही नाही.
"दुसरी मूठ वळते तिची?"
"धरते. सोडता येत नाही."
"बास," म्हटलं, "एवढं पुष्कळ झालं."

गुलाबी काठ्यांच्या रांगेपुढून त्याला झटपट नेलं.
साडेसहा फुटी मीडियम, टोकाला नरम,
मूठ लांब, कोपराखाली अडकेल अशी.
वर बटणाचं बंद रीळ, काळं,
ज्यावर पोरंसोरं शिकतात
आणि मोठे झाल्यावर ज्याला हसतात.
स्क्रू काढून दांडा डावीकडे घेतला.
बारा पौंडी साधी नायलॉन भरली.
बटण दाबायचं, फेकायचं, सोडायचं,
मग काठी धरणाऱ्या हातात द्यायची
आणि सोडणाऱ्या हाताने गुंडाळायचं.

"ह्यावर सहा पौंडी निघेल माझ्या... तिच्याच्याने?"
"काठी मोडली तर मोडकी घेऊन ये."
"सांगतो तिला."

पैसे मोजताना अगदी हळू म्हणाला,
"आणि रिळाच्या तेलाची एक बाटली. घरच्या रिळाला."
मी बाटली पिशवीत टाकली,
पावतीत नाही.

खिडकीतून दिसत होतं:
बर्फाच्या मशीनशेजारी उभा राहून
दोरीला सरावाचं रबरी वजन बांधून त्याने फेकलं.
ते त्याच्याच बुटावर पडलं.
दुसऱ्यांदा कुणाच्या तरी ट्रकखाली.
तिसऱ्यांदा ते उंच गेलं,
वाकडंच गेलं, पण गेलं,
आणि डांबरावर टप्पकन बसलं.

तो गुंडाळायला लागला, सावकाश,
जणू त्या टोकाला काहीतरी आहे.

गाडीत सुनेने किल्ली फिरवून
इंजिन बंद केलं.