पुढच्या डाव्या चाकातून

आवाज कसा येतो, गॅरेजवाल्यानं फोनवर विचारलं.
मी म्हटलं, नॉकिंग.
तो म्हणाला, सगळे हेच सांगतात.
सोमवारी आण. तासाचे सत्तर पौंड.

इंग्रजीत मला तेवढा एकच शब्द सापडला.
खरं तर ती खडखड नव्हती, रिकाम्या डब्यातली,
ठकठक नव्हती, दारावरची.
कुरकुर तर निराळीच,
ती फक्त स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर.
हा होता कट्.
अडकित्त्यात सुपारी सापडते, तसा.
एकदाच. मग जणू काही झालंच नाही.

हॅलिफॅक्समधली आमची गल्ली म्हणजे
उतारावर ओळीनं मांडलेले दगडी पाव.
केअर होममधली रात्रपाळी संपवून
पहाटे साडेसहाला, काच खाली, रेडिओ बंद,
मी स्वतःच्याच गाडीवर पाळत ठेवत घरी यायची.
वहीत लिहायची, गोळ्यांच्या वेळा लिहितो तसं:
रुंद गतिरोधकावर गप्प.
दगडांवर कट् कट्.
डावं चाक एकटंच गटाराच्या झाकणावरून गेलं, तर हमखास.
ब्रेक दाबून धरला तरी तेच.

शेजारचे ओल्ड्रॉइड, वय एक्याऐंशी.
चौतीस वर्षं बसडेपोत, बसखाली पाठ टेकून.
दोन्ही कानांची मशिनं, त्यातलं एक बहुधा खिशात.
वही वाचून म्हणाले,
दोन्ही चाकं बरोबर उचलली की गप्प?
मग अँटी-रोल बारची लिंक.
जोडीनं वर गेले तर तिला कामच नाही.
एक वर, एक खाली, की तिची ओढाताण.

रविवारी पुठ्ठा अंथरून ते आडवे झाले.
मी गाडी खांद्यानं ढकलून झुलवत होते,
ते चाकामागे हात घालून, डोळे मिटून.
मग माझी बोटं ओढून तिथं ठेवली:
थंड, चिकट, करंगळीएवढी जाड दांडी.
त्यांनी गाडी हलवली.
कट् माझ्या तळव्यात आला, कानाच्या आधी.
ऐकू आलं?
मी मान हलवली.
म्हणाले, मलाही.

नट गंजून एकजीव. बारा हिवाळ्यांचं मीठ.
तेल मारलं, चहा घेतला,
तेल मारलं, चहा घेतला.
ॲलन की नुसतीच गरगरली.
ओल्ड्रॉइडनी घातलेली शिवी माझ्या ओळखीची,
नऊ नंबरच्या खोलीतले आजोबा आंघोळीच्या वेळी घालतात ती.
शेवटी कटर. हायड्रेंजाच्या कुंडीवर ठिणग्या.
जुनी लिंक हातात आली तेव्हा
तिचा गोळा खोबणीत हलत होता,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
उजवीही बदलली. एकोणीस पौंडांत जोडी.

मग दोघं एक चक्कर मारून आलो.
त्यांचा पंजा डॅशबोर्डवर पसरलेला.
दगडांवर काही नाही.
थर्मासचं झाकण वाजलं. त्यांचा श्वास वाजला.
कोपऱ्यावर स्टिअरिंग पुरतं फिरवलं,
तेव्हा बारीक कुर्र.
त्यांच्या कोपरावर रक्त सुकलं होतं.
गेला? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, गेला.

मंगळवारी दुपारी, माझ्या ऐन झोपेत, बेल.
दारात ते, हातात खोका:
शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावरचं बेअरिंग.
तू स्टिअरिंग फिरवलंस तेव्हा माझा हात
स्प्रिंगवर होता, म्हणाले.
अडली, मग उडाली. आणि तू म्हणतेस गेला.
खिशातलं मशीन काढून कानात घातलं.
तुमच्यात काय म्हणतात त्या आवाजाला?
कुरकुर.
दोनदा चुकले.
तिसऱ्यांदा ते अगदी बेअरिंगसारखे बोलले.

हे काम मोठं, स्प्रिंग दाबून धरावी लागते,
सुटली तर जबडा जाईल. पुढच्या रविवारी.
तोवर पुरतं वळवू नकोस.

म्हणून या आठवड्यात मी कालव्याकडून येते,
दोन मैल लांब, पण सरळ.