छाट

ताण्याबाण्याचं मी बोलणार नाही.
सोलापुरात माईक हातात आला की जो तो
तेच बोलतो, आणि चादर कुणाच्या तरी खांद्यावर पडते.
माझ्या बापाच्या मागावर बारा तास धोटा पळायचा,
त्याला त्यात समाज कधी दिसला नाही,
तुटलेला दोरा दिसला.

मी बसले पोशव्वा म्याकलच्या उंबऱ्यावर,
दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा, वही घेऊन.
तिच्या मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
पत्र्याचा फर्मा, कात्री,
आणि बोटं अशी की न बघता मोजणारी.
हजारामागे किती, छाट किती, खोकला कधीपासून,
फंडाचं कार्ड कुणाच्या नावावर.
'काय लिहिलालीस गं एवढं?'
'तुमच्याबद्दलच.'
'माझ्याबद्दल एवढं हाय?'

लेख छापून आला.
आकडे खरे, नावं खरी, गल्लीसुद्धा खरी.
पहिल्या वाक्यापासून शेवटापर्यंत 'आम्ही'.
वाचनालयात नारळ, शाल;
गाजूल मास्तर म्हणाले, पोरीनं समाजाला वाचा दिली.
नातीनं पोशव्वाला सगळा वाचून दाखवला,
अधूनमधून तेलुगूत सांगत.
शेवटी ती म्हणाली, 'ह्यात मी कुठं?'
मी तक्ता दाखवला. ओळ तिसरी, वय बावन्न.
त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसली,
पान फाटकं आहे का बघतात तशी.

आमच्या घरात 'आम्ही' दोन आहेत.
मेमू म्हणजे आम्ही, तुला सोडून.
मनमु म्हणजे आपण, तुला धरून.
शेजारच्या महादेवी बिराजदारला एका 'नावु'त भागतं,
आत कोण, बाहेर कोण, ते ती डोळ्यांनी सांगते.
लेखातलं माझं 'आम्ही' ह्यातलं कुठलं
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग मी खोटं लिहिलं.
रत्ना नावाची बाई, राहते कुठल्याही पेठेत.
दर हजाराला एक विडी मुद्दाम वाकडी वळते,
आणि चेकरनं फेकायच्या आधी स्वतःच काढून घेते.
छाट, पण तिची.
रात्री सगळे झोपले की न्हाणीचं दार आतून लावते
आणि पेटवते.
एवढीच गोष्ट. साडेचार पानं.

आकड्यांवर कुणी हरकत घेतली नव्हती.
ह्या एका काडीनं पेठ पेटली.
'आमच्यात असल्या बायका नाहीत.'
मास्तरांनी शाल परत मागितली नाही, फक्त
समोरून आले की चष्मा पुसायला लागले.
आई आठ दिवस माझ्याशी मराठीतच बोलली,
परक्याशी बोलावं तशी.

आणि अंधार पडल्यावर, वेगवेगळ्या रात्री,
सात जणी आल्या.
प्रत्येकीचा आवाज दबका:
'तुला माझं कुणी सांगितलं?'
एक तर विडी ओढतच नव्हती.
ती न्हाणीत बसून नुसतं आपलं नाव घ्यायची,
माहेरचं.
का, विचारलं तर म्हणाली,
जीभ विसरू नये म्हणून.

तक्त्यात ह्याला रकाना नव्हता.

पोशव्वा आली नाही. मीच गेले, भर दुपारी.
गल्लीत दाराआड दार, सुपाला लागून सूप.
'वाचून घेतलं,' ती म्हणाली. 'ती मी नाही.'
'नाहीच.'
'मी दार लावत नाही.'
आणि सुपातली एक वाकडी विडी उचलून
कानावर खोचली, सगळ्यांसमोर,
पुढचं पान घेतलं.
कुणी वर बघितलं नाही.
की सगळ्यांचं कधीचंच बघून झालं होतं?

हे लेखात घालू की गोष्टीत,
मी उंबऱ्यात उभी राहून विचार करत होते.
वही उघडली.
'जरा सरक,' पोशव्वा म्हणाली,
'उजेड अडवलालीस.'