शून्याची कळ

शेवंती गांवस पिशवीतून कीबोर्ड काढते,
किडकं वांगं परत करावं तसा
माझ्यासमोर आपटते.
"हें शून्य रावनाच रे, प्रज्योत!
अर्जदाराचं नाव घालायला जावं
तर बोट लावायच्या आधीच शून्यं सुटतात."

मी नेहमीचंच विचारतो.
वायर काढून दुसऱ्या खाचेत घातलीस?
मशीन बंद करून चालू?
उलटा धरून झटकलास?
सगळं झालं, म्हणते,
नारळ ठेवायचा तेवढा राहिलाय.

जोडून बघतो. खरंच.
०००००००००
एवढी लांब रांग डिचोलीनं
बऱ्याच वर्षांत पाहिली नसेल.

"जरा कळ काढ गो," मी म्हणतो
आणि शून्याची कळ काढतो.

जिन्याखालच्या या दुकानात
मला कीबोर्डांची पोटं पाठ आहेत:
पावसात बुरशी, मे महिन्यात मुंग्या,
चहा बारमाही,
एकदा तर पाल, अख्खी, वाळलेली, स्पेसबारखाली.
हिच्या शून्याखाली मात्र माती.
लाल, तलम, बोटाला धरणारी.
एकाखाली, नवाखाली, सगळ्या आकड्यांखाली तीच.
वरची अक्षरं कोरी करकरीत.

"काट्यावरचा काय?"
"हो. शेवटच्या पगाराच्या बदल्यात दिलेला."

दहा टन. दहा टन. दहा टन दोनशे.
खिडकीबाहेर ट्रक, आत ही,
आणि काचेच्या फटीतून येणारं ते.
आता मामलेदार कचेरीसमोर टेबल लावून
लोकांचे अर्ज टाइप करते.

जुन्या टूथब्रशनं झाडतो.
मातीत रुतलेली रबराची वाटी
टुपकन वर येते.

"आणि हा माऊस? जागचा हलत नाही."
हलेल कसा? टेबलावर तू काच टाकलीस,
त्याच्या लाल डोळ्याला काचेवर
धरायला काही सापडत नाही.
खाली कागद घाल, कुठलाही.
ती पिशवीतून घडी काढते,
ट्रिपांचं जुनं पान.
बाण सरसर धावतो.

"किती द्यायचे?"
"पन्नास."
ती पाच दाबते.
मग शून्य, जपून,
आणि बोट उचलून
पडद्याकडे बघत राहते.

एकच आलं.

संध्याकाळी शटर ओढताना
माझा अंगठा अजून लाल.