मागची सीट

सत्तावीस वर्षं मी लोकांना गोवा दाखवला.
सकाळी दोनापावल, मग जुनं गोवं, मंगेशी,
उन्हं उतरताना कळंगुट.
प्रत्येक जागी पाऊण तास.
जेवण गिऱ्हाइकाचं, पार्किंगचे पैसे वेगळे.

आता पुतण्यानं, साईशनं, कागद करून आणलाय:
टोकियो दोन दिवस, क्योतो दीड,
ढग नसले तर अर्धा दिवस डोंगर.
मी वाचला आणि ओळखला.
हा तर माझाच कागद,
नुसती गावं बदललीत.

विझाच्या फॉर्मवर विचारलंय, येण्याचं कारण.
'पर्यटन' लिहिताना पेन अडलं.
हा शब्द माझ्या गाडीच्या काचेवर आहे,
उन्हानं विटलेला, एका कोपऱ्यात सुटलेला.
तो माझ्या अंगाला चिकटेल
असं कधी वाटलं नव्हतं.

जपानच का, विचारतात रायबंदरच्या फेरीधक्क्यावर.
दुबईत आपली माणसं आहेत, लिस्बनात तर अर्धा वाडा.
काय सांगू?
एकदा दाबोळीला एक म्हातारी मिळाली.
मी दार उघडलं, तर तिनं आधी बूट काढले,
जोडीनं हातात धरले
आणि मोज्यांनी आत आली,
कुणाच्या तरी घरात यावं तशी.
मी स्टँडवर सांगितलं, सगळे पोट धरून हसले.
मीसुद्धा.
पण पुढं कितीतरी दिवस
गाडीत वाळू दिसली की मी खाली वाकायचो.

पर्यटक मी पाहिलेत.
मंगेशीच्या पायऱ्या बुटांनी चढणारे,
मासळीबाजारात फ्लोरिनाबायच्या तोंडासमोर
कॅमेरा धरून तिला हस म्हणणारे.
ती हसली नाही. तिनं एक बांगडा उचलला
आणि त्याच्या तोंडासमोर धरला.
तिथली फ्लोरिनाबाय माझ्यापुढं काय धरेल,
या काळजीनं रात्री डोळा लागत नाही.

ललन मात्र मजेत आहे.
नऊ वर्षांची भिशी तिची, तेव्हा मुख्यमंत्रीही तीच.
काल तिसऱ्यांचं सुकं केलं
आणि आम्ही दोन-दोन काड्या घेऊन बसलो.
तासाभरात तिच्या अकरा झाल्या, माझ्या चार.
मग मी हात धुतला आणि हातानं जेवलो.
ती म्हणाली, तिथं असा हरू नकोस.

एक शब्द पाठ झालाय. सुमिमासेन.
माफी मागायला तोच, हाक मारायला तोच,
धक्का लागला तरी तोच, कुणी वाट दिली तरी तोच.
आपल्या 'पात्रांव'सारखा, कुठंही चालतो.
पोदेरवर वापरून पाहिला.
त्यानं दोन पाव जास्त दिले,
म्हणाला, बरं वाटत नाही का?

साईशच्या कागदावर मी रेघा मारल्या.
देवळं ठेवली तीन, डोंगर नशिबावर सोडला.
एक अख्खा दिवस कोरा ठेवला.
एखाद्या लहान गावाच्या स्टेशनाबाहेर
टॅक्सीस्टँड असेल, तिथं बाकावर बसायचं.
गाडीवाले हातमोजे घालतात म्हणे, पांढरे.
दार आपोआप उघडतं म्हणे,
आपण नुसतं उभं राहायचं.
भाड्यावरून घासाघीस नाही. हे मी ललनला दोनदा सांगितलं,
तिनं विश्वास ठेवला नाही.

काल रात्री झोप येईना, म्हणून अंगणात गेलो.
गाडी आंब्याखाली होती.
मागचं दार उघडलं, चपला काढल्या,
हातात धरल्या, आत बसलो.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

इथून काही वेगळंच दिसतं.
पुढच्या सीटची पाठ. तिच्यावर घामाचा डाग,
बरोबर माझ्या पाठीएवढा.
आरशात ड्रायव्हर नाही.

ललन उठून आली, काही विचारलं नाही.
पुढं जाऊन स्टिअरिंगपाशी बसली.
तिला गाडी येत नाही.
थोडा वेळ तिनं नुसता हॉर्न चाचपला,
मग मान न वळवता म्हणाली,
'खंय वचपाचें, पात्रांव?'

मी तोंड उघडलं.
सुमिमासेन, एवढंच आलं.